सेवा केंद्राचं शटर एक दिवस बंद का असतं? केंद्रचालकांच्या वार्षिक मेळाव्यातून गावाला काय मिळतं, समजून घ्या

वर्धा : गावातल्या सेवा केंद्राच्या शटरवर वर्षातून एखाद्या दिवशी हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला दिसतो : 'आज मीटिंगला गेलो आहे, उद्या या.' दाखल्यासाठी रोज बुडवून आलेला माणूस तो कागद वाचतो, कपाळाला हात लावतो आणि म्हणतो, "यायचं बरं आहे बाप्पा, मीटिंगच्या नावानं फिरून येतात."

राग साहजिक आहे. पण त्या एका दिवसात केंद्रचालक काय शिकून येतो, यावर पुढच्या वर्षभरात त्याच माणसाला किती चकरा माराव्या लागतील हे बऱ्याच अंशी ठरतं. मेळावा नुसता हार-तुऱ्यांचा झाला तर दिवस वाया जातो. कामाचा झाला तर शेकडो लोकांचे हेलपाटे वाचतात. त्यामुळे मेळाव्यात नेमकं काय होतं, काय व्हायला पाहिजे आणि परत आलेल्या केंद्रचालकाला गावाने काय विचारायला पाहिजे, हे प्रत्येकाला माहीत असलेलं बरं.

हे जाळं नेमकं कोणाचं?

गावात आपण सगळ्यांनाच 'सेतूवाला' किंवा 'ऑनलाइनवाला' म्हणतो. प्रत्यक्षात त्यामागे दोन-तीन वेगवेगळ्या व्यवस्था आहेत.

पहिली केंद्र सरकारची. राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स योजनेखाली २००६ साली 'कॉमन सर्व्हिस सेंटर' म्हणजे सीएससीची योजना मंजूर झाली. सुरुवातीला साधारण सहा गावांमागे एक केंद्र असा हिशोब होता. २००९ च्या जुलैमध्ये या केंद्रांचा कारभार पाहणारी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. २०१५ मध्ये उद्दिष्ट वाढवून प्रत्येक ग्रामपंचायतीत किमान एक केंद्र असं ठरलं. आज देशभरात पाच लाखांहून जास्त सीएससी आहेत. ती चालवणाऱ्याला सरकारी भाषेत 'व्हीएलई' म्हणजे गाव पातळीवरचा उद्योजक म्हणतात. तो सरकारी नोकर नसतो, त्याची कमाई कमिशनवर असते.

दुसरी व्यवस्था राज्याची. ग्रामपंचायतीत संगणक आणि परिचालक बसवणारा 'संग्राम' प्रकल्प २०११ मध्ये सुरू झाला. २०१६ पासून त्याची जागा 'आपले सरकार सेवा केंद्रा'ने घेतली. ग्रामपंचायतीत बसणारा संगणक परिचालक मानधनावर काम करतो. मानधन वेळेवर मिळावं आणि कर्मचाऱ्याचा दर्जा मिळावा, यासाठी राज्यातल्या परिचालकांनी वेळोवेळी आंदोलनंही केली आहेत.

याशिवाय बँकेचे व्यवहार करून देणारे बँक मित्र आणि बचत गटांतून पुढे आलेल्या बँक सखी आहेत. बरेचदा एकाच टेबलावर, एकाच लॅपटॉपवर ही दोन-तीन कामं चालतात. म्हणूनच गावकऱ्याला ते एकच दुकान वाटतं.

पुण्या-मुंबईच्या मोठ्या डिजिटल कंपन्या आपल्या सगळ्या शाखांच्या लोकांना वर्षातून एकदा एकत्र बसवतात. कोणी काय नवीन केलं, कुठे फसलो, हे एकमेकांना सांगतात. गावातला केंद्रचालकही अशाच एका मोठ्या जाळ्याचा एजंट आहे. फरक एवढाच की कंपनीची चूक झाली तर जाहिरात बिघडते. केंद्रचालकाची चूक झाली तर कोणाचा विमा, कोणाची शिष्यवृत्ती, कोणाची पेन्शन अडकते.

मेळावा कधी होतो?

दोन तारखा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. १६ जुलै हा 'सीएससी दिवस' म्हणून पाळला जातो. २८ एप्रिल हा राज्यात 'सेवा हक्क दिन' आहे, कारण लोकसेवा हक्काचा कायदा महाराष्ट्रात २८ एप्रिल २०१५ पासून लागू झाला. या दिवसांच्या आसपास केंद्रचालकांचे कार्यक्रम होतात. त्याखेरीज एखादी मोठी योजना सुरू झाली किंवा पोर्टल बदललं की जिल्हा किंवा तालुका पातळीवर प्रशिक्षण लागतं.

वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आहेत : वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर. जिल्ह्याची बैठक वर्ध्याला लागली की आष्टी-कारंजाच्या टोकाकडून येणाऱ्याचा पूर्ण दिवस जातो. एसटीचं तिकीट, जेवण आणि त्या दिवसाची बुडालेली कमाई, हा भार बहुतेक वेळा कमिशनवर जगणाऱ्या माणसाच्याच डोक्यावर येतो. त्यामुळे 'जाऊ की नको' असा विचार करणारेही असतात. जो जात नाही, त्याच्या गावाला त्याची किंमत कशी मोजावी लागते, ते पुढच्या उदाहरणांवरून दिसेल.

एका वर्षात किती बदललं, पाहा

फक्त शेतकऱ्यांच्या कामांपुरतं पाहिलं तरी नियम किती भराभर फिरतात ते कळतं.

* २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीक विमा होता. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली. आता सोयाबीन, तुरीसाठी विमा संरक्षित रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के, कापसासारख्या नगदी पिकासाठी जास्तीत जास्त ५ टक्के हप्ता शेतकऱ्याला भरावा लागतो.
* १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक म्हणजे 'फार्मर आयडी' सक्तीचा झाला.
* महाडीबीटीवर औजारं, ठिबक यासाठी पूर्वी सोडत निघायची. २०२५ पासून 'जो आधी अर्ज करेल त्याला आधी' असा नियम आला. म्हणजे अर्ज उशिरा भरला किंवा त्रुटीत निघाला तर थेट नंबर मागे जातो.
* पीक विम्यात भरलेलं पीक आणि ई-पीक पाहणीत नोंदवलेलं पीक जुळलं पाहिजे, यावर आता जास्त भर आहे.

हे सगळे बदल एकाच वर्षातले. जुन्या माहितीवर काम करणारा केंद्रचालक मनाने कितीही चांगला असला तरी नुकसान टळत नाही. अर्ज भरल्याची पावती हातात असते, पण पैसे येत नाहीत. चूक कुठे झाली ते महिनोन् महिने कळत नाही.

खरं शिक्षण एकमेकांकडून

मेळाव्यात सकाळचं सत्र बहुतेक ठरलेलं असतं. अधिकारी येतात, पडद्यावर नवीन पोर्टल दाखवतात, चांगलं काम करणाऱ्यांना प्रमाणपत्र देतात. ते आवश्यकच आहे. पण जे केंद्रचालक रोज लोकांच्या रांगेला तोंड देतात, त्यांच्या कामाची गोष्ट बहुधा दुपारच्या जेवणाच्या ताटावर निघते : "तुमच्याकडे हा अर्ज परत येऊन राहिला का? मग तुम्ही काय केलं?"

याची तीन उदाहरणं पाहण्यासारखी आहेत.

१. जातीचा दाखला आणि जुना पुरावा

जातीच्या दाखल्यासाठी जुन्या तारखेआधीचा पुरावा लागतो. अनुसूचित जाती-जमातीसाठी १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी १९६१ आणि ओबीसींसाठी १९६७ हे वर्ष धरलं जातं. राज्यभरासाठी बनवलेल्या माहितीत जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदीसाठी 'गाव नमुना १४' असं लिहिलेलं असतं. पण आपल्याकडे तो कागद त्या नावाने सापडत नाही. कारण वर्धा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता आणि त्याआधी मध्य प्रांतात. इथली जुनी नोंद 'कोतवाल बुका'त असते, शाळेची नोंद 'दाखल-खारीज' रजिस्टरमध्ये असते, आणि त्यातली बरीचशी हिंदीत असते.

हे ज्याला माहीत आहे तो आजोबांच्या नावाची कोतवाल बुकाची नक्कल काढायला सांगतो आणि दाखला निघतो. ज्याला माहीत नाही तो 'पुरावा अपुरा' म्हणून परत आलेला अर्ज पुन्हा तसाच भरतो. जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांकडून मिळतो. म्हणजे कारंजाच्या माणसाला चौकशीसाठी आर्वी गाठावी लागते, समुद्रपूरच्या माणसाला हिंगणघाट. अकरावी-बारावीनंतरच्या प्रवेशाच्या तोंडावर असं झालं तर पोराचं वर्षच पणाला लागतं. जिल्ह्यातल्याच दुसऱ्या केंद्रचालकाने सांगितलेली एक ओळ इथे मुंबईच्या व्हिडिओपेक्षा जास्त कामी येते.

२. पैसे आले, पण कुठे गेले?

"फॉर्मवर तर सहकारी बँकेचं पासबुक जोडलं होतं, मग पैसे कुठे गेले?" हा प्रश्न प्रत्येक केंद्रावर रोज येतो. थेट लाभाचे पैसे अनेक योजनांमध्ये फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधारला जोडलेल्या खात्यात जातात. आणि एका वेळी एकच खातं त्यासाठी जोडलेलं असतं, बहुतेक वेळा सर्वांत शेवटी जोडलेलं. मधल्या काळात गावात कोणी शून्य रकमेचं खातं उघडून दिलं असेल, त्याचं पासबुक कुठे पडलं तेही आठवत नसेल, तर पैसे तिथे जमा होत राहतात.

जाणता केंद्रचालक अर्ज भरण्याआधीच आधारला कोणती बँक जोडली आहे ते पाहतो. हे तपासायला पाच मिनिटं लागतात. न तपासल्यास तीन हप्ते अडकतात.

३. "थम लागत नाही"

कापूस वेचणाऱ्या, मातीत काम करणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात. म्हाताऱ्या माणसांच्याही झिजतात. "आजी, थम लागून नाही राहिला, उद्या हात धुऊन या," असं सांगून परत पाठवलेल्या किती तरी आजी जिल्ह्यात असतील. पण अंगठा हा एकमेव मार्ग नाही. पीएम किसानच्या ई-केवायसीसाठी २०२३ पासून ॲपवर चेहरा दाखवून पडताळणी होते. पेन्शनधारकांचा हयातीचा दाखलाही चेहऱ्यावरून निघतो. काही ठिकाणी डोळ्याची बाहुली तपासणारं यंत्र असतं. दहाही बोटं लावून पाहिली तर एखादं बोट जुळतं, तेही चालतं.

हे सगळं ज्या केंद्रात वापरलं जातं, तिथला माणूस मेळाव्यात शेजाऱ्याला दाखवतो, तेव्हा पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावातल्या आजीचा हेलपाटा वाचतो.

पेटी नाही, माणूस महत्त्वाचा

गावात संगणक आणून ठेवला की काम झालं, हा समज महाराष्ट्राने फार पूर्वी तपासून पाहिला आहे. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगली भागात वारणा सहकारी समूहाच्या परिसरातल्या सुमारे ७० गावांत 'वायर्ड व्हिलेज' नावाचा प्रकल्प सुरू झाला. देशात त्याची खूप चर्चा झाली. पण पुढे पाहणी केली तेव्हा लक्षात आलं की शेतकरी ते संगणक प्रामुख्याने ऊसाचं वजन, तोड आणि खताच्या नोंदीसाठीच वापरत होते. नंतर काही गावांत तीच कामं साध्या मोबाइल एसएमएसवर करून पाहिली गेली आणि ती स्वस्तात झाली.

यातून शिकण्यासारखं आहे ते हे की यंत्र बदलत राहतं, पण लोकांची गरज काय आहे ते ओळखणारा माणूस मध्ये लागतोच. आज तर घराघरांत स्मार्टफोन आहे. तरीही लोक केंद्रावर का जातात? कारण फोनवर अर्ज भरता येतो, पण अर्ज का परत आला ते फोन सांगत नाही. तो अनुभव माणसाकडेच असतो. आणि अनुभव वाटला तरच वाढतो.

वर्ध्याला ही गोष्ट नवीन नाही. १९३४ च्या डिसेंबरमध्ये इथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मगनवाडीत त्याचं काम जे. सी. कुमारप्पा पाहत होते. गावात काम करणाऱ्यांना शिकवण्यासाठी तिथे ग्रामसेवक विद्यालय चाललं आणि गावागावांतले प्रयोग कळावेत म्हणून 'ग्राम उद्योग पत्रिका' निघाली. तेलघाणी, हातकागद, मधमाशा पालन यांत कोणी काय करून पाहिलं, ते दुसऱ्या गावापर्यंत जावं हा त्यामागचा हेतू होता. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यातच महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि त्यातून 'नई तालीम'चा विचार पुढे आला. हाताने काम करता करता शिकायचं, हे तिचं सार. केंद्रचालकांच्या मेळाव्यालाही हेच लागू पडतं. भाषण ऐकून पोर्टल येत नाही. परत आलेला खरा अर्ज समोर घेऊन, तो पुन्हा भरून पाहिला की येतं.

चांगला मेळावा कसा ओळखायचा?

ज्या मेळाव्यात खालच्या गोष्टी होतात, तो गावाच्या कामाचा :

* प्रत्येक केंद्रचालक आपल्याकडे परत आलेल्या अर्जांची यादी घेऊन येतो. कारणांसहित.
* अर्ज मंजूर-नामंजूर करणारे अधिकारी किंवा त्यांच्या कार्यालयातले कर्मचारी समोर बसतात, आणि 'हे असं का परत केलं' याचं उत्तर देतात.
* नव्या चालकाला जुन्या चालकाच्या शेजारी बसवून काम दाखवलं जातं.
* शेवटी काय ठरलं ते एका पानावर लिहून सगळ्यांना दिलं जातं. आठ दिवसांत व्हॉट्सॲप ग्रुपवर शेकडो मेसेजखाली हरवणारी माहिती उपयोगाची नाही.
* चालकांच्या अडचणी, म्हणजे वीज, नेट, पोर्टल बंद पडणं, थकलेलं मानधन किंवा कमिशन, या ऐकून वरपर्यंत पोहोचवल्या जातात.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. परत आलेल्या अर्जामागे लोक केंद्रचालकाला धरतात. प्रत्यक्षात बरेचदा वरचं पोर्टल बंद असतं, नाहीतर नियम मध्येच बदललेला असतो. रात्री अकरा-बाराला 'सर्व्हर हलका असतो' म्हणून जागून लोकांचे अर्ज भरणारे चालक प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांचं म्हणणं ऐकणारी जागा वर्षातून एकदा तरी हवीच.

फसवणूक रोखणंही इथेच शिकतात

केंद्रावर आता नुसते दाखले नाहीत, पैशांचे व्यवहारही होतात. आधार आणि अंगठा वापरून खात्यातून पैसे काढून देण्याची सोय, म्हणजे एईपीएस, अनेक केंद्रांवर आहे. बँक दूर असलेल्या गावात ही मोठी सोय आहे. पण अंगठ्याचा ठसा चोरून किंवा 'थम लागला नाही, पुन्हा लावा' असं सांगून दोनदा पैसे काढल्याच्या तक्रारी देशभरात झाल्या आहेत.

प्रामाणिक केंद्रचालकालाही याची झळ बसते. त्याने आपला लॉगिन आयडी ओळखीच्या माणसाला वापरायला दिला आणि त्यावरून गैरव्यवहार झाला, तर नाव त्याचंच येतं. म्हणून लॉगिन कोणालाही न देणं, प्रत्येक व्यवहाराची पावती देणं, लोकांच्या आधारच्या झेरॉक्स टेबलावर पडू न देणं, या सवयी प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा सांगाव्या लागतात.

गावकऱ्यांनीही काळजी घ्यावी :

* पैसे काढल्यावर पावती मागा. 'व्यवहार झाला नाही' असं सांगितलं तर तशी पावती मागा.
* आधार वापरात नसेल तेव्हा ॲपवरून किंवा आधारच्या संकेतस्थळावरून बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतं. आधारची मदत १९४७ या नंबरवर मिळते.
* ओटीपी फोनवर कोणी मागितला तर देऊ नका. केंद्रात समोर बसून काम करून घेत असाल तर आधी मेसेज वाचायला लावा, तो कशासाठी आहे ते समजून घ्या, मगच सांगा.
* खात्यातून पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

पैसे किती द्यायचे?

मेळाव्यात दरांबद्दलही स्पष्ट सांगितलं जातं, आणि गावातले निम्मे वाद यावरूनच होतात. साधा नियम असा की शासनाने ठरवलेल्या दरांचा फलक केंद्रात दिसला पाहिजे आणि जेवढे पैसे घेतले तेवढ्याची पावती मिळाली पाहिजे.

काही कामांचे पैसे चालकाला दुसरीकडून मिळतात. उदाहरणार्थ, पीक विम्याच्या अर्जासाठी विमा कंपनी केंद्राला प्रति अर्ज ४० रुपये देते, असं राज्याने वेळोवेळी जाहीर केलं आहे. त्यामुळे विम्याच्या हप्त्याव्यतिरिक्त अर्ज भरण्याचे म्हणून वेगळे पैसे मागणं चुकीचं आहे. सातबाराची प्रिंट, झेरॉक्स याचा खर्च वेगळा. पीएम किसानच्या अंगठ्याने होणाऱ्या ई-केवायसीला केंद्रावर १५ रुपये दर ठरलेला आहे. लाडकी बहीण योजनेचे अर्ज २०२४ मध्ये सुरू झाले तेव्हाही महिलांकडून पैसे घेऊ नयेत असं शासनाने बजावलं होतं.

दुसरी बाजूही पाहायला हवी. चार वेळा येऊन, अपुरे कागद आणून, एका अर्जात दोन तास घालवणाऱ्या कामाचे वीस-पंचवीस रुपये मिळत असतील तर चालकाचंही घर चालत नाही. दर परवडत नाहीत हे सांगण्याची जागा मेळावा आहे. गावकऱ्याचा खिसा ही त्याची जागा नाही.

दाखला अडला तर कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. अधिसूचित सेवेसाठी अर्ज केला की पावती मिळालीच पाहिजे, आणि तिच्यावर अर्ज क्रमांक असतो. प्रत्येक सेवेला दिवसांची मुदत ठरलेली आहे. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं. 'झालं नाही' एवढं तोंडी उत्तर चालत नाही.

मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा अर्ज नाकारला, तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं. तिथे समाधान झालं नाही तर दुसरं अपील, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरं. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अपील कसं भरायचं हे केंद्रचालकाला यायलाच हवं. अनेकांना ते येत नाही, किंवा रोज ज्या कार्यालयाशी काम पडतं त्याच्याविरुद्ध अर्ज भरायला संकोच वाटतो. मेळाव्यात ही गोष्ट उघडपणे बोलली गेली तर तो संकोच कमी होईल.

गावाने काय करायचं?

केंद्रचालक मीटिंगला जाणार हे कळलं की रागावण्याऐवजी त्याच्या हातात गावाचे प्रश्न द्या. त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतेच. त्यात दहा मिनिटं या विषयाला द्या. गेल्या काही महिन्यांत कोणाचा कोणता अर्ज परत आला, कोणाचे हप्ते थांबले, कोणाचा अंगठा लागत नाही, याची यादी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून लिहून घ्या. यादीत आधार नंबर, खाते नंबर लिहू नका. फक्त अडचण लिहा.

आणि तो परत आला की हे पाच प्रश्न विचारा :

१. यंदा कोणत्या योजनेचा नियम बदलला?
२. आपल्या गावाचे अर्ज जास्त कशामुळे परत येतात?
३. खरीप विमा, शिष्यवृत्ती, प्रवेशाचे दाखले यांच्या शेवटच्या तारखा कोणत्या?
४. अंगठा न लागणाऱ्यांसाठी आपल्या केंद्रात कोणती सोय आहे?
५. नवा दरफलक कुठे लावला आहे?

या उत्तरांचा एक कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला, तरी अर्धं काम झालं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शाळेतली पोरं वाचून दाखवतील.

जाताना त्यानेही एक करावं. शटरवर नुसतं 'उद्या या' असं लिहू नये. कुठे जातोय, कशासाठी, परत कधी येणार आणि तातडीचं काम असेल तर जवळचं दुसरं केंद्र कोणतं, हे चार ओळींत लिहावं. शक्य असेल तर आदल्या दिवशी दवंडी नाहीतर गावाच्या ग्रुपवर मेसेज द्यावा. मजुरी बुडवून आलेल्या माणसाला बंद शटर पाहून परत जावं लागू नये, एवढी अपेक्षा ठेवणं गैर नाही.